कृष्णदास शामा : ब्रागा येथील बाडांतून उरलेला एक कवी

पणजी येथील ज्या मध्यवर्ती ग्रंथालयाची स्थापना १८३२ साली झाली, त्यास आज कृष्णदास शामा या कवीचे नाव आहे. ग्रंथालयास ज्याचे नाव द्यावे असा हा ग्रंथकार. परंतु त्याच्या ग्रंथाची जुनी प्रत गोव्यात नव्हे, तर हजारो कोस दूर पोर्तुगालमधील ब्रागा या नगरीच्या सार्वजनिक ग्रंथालयात सापडली, आणि तीही नागरी लिपीत नसून रोमन लिपीत. ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ यांच्याभोवती चरित्रे, आख्यायिका, समाध्या व वारीची परंपरा उभी राहिली. कृष्णदासाच्या वाट्यास यांपैकी काहीही आले नाही. त्याच्याविषयी जे सांगावयाचे ते हस्तलिखिताच्या आधारेच सांगावे लागते. म्हणूनच हस्तलिखित हा कोणत्या प्रकारचा साक्षीदार आहे, तो कोणत्या बाबतीत विश्वासार्ह आहे आणि कोणत्या बाबतीत त्याची उलटतपासणी केली पाहिजे, हा प्रश्न या कवीच्या बाबतीत केवळ पद्धतीचा राहत नाही. कवीचे सारे अस्तित्वच त्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

१. कवी व त्याचा काळ

कृष्णदास शामा हा साष्टी प्रांतातील केळशी गावचा. ‘कृष्णचरित्रकथा’ हा त्याचा ओवीबद्ध मराठी ग्रंथ भागवताच्या दशम स्कंधावर आधारलेला असून त्याचे एकोणीस अध्याय आणि तीन हजारांहून अधिक ओव्या आहेत. ग्रंथारंभाचा काळ कवीने स्वतः नोंदविला आहे. तो शके १४४८चा असून इसवी सनाप्रमाणे २५ एप्रिल १५२६ हा दिवस येतो.

या तारखेचे मोल दोन प्रकारचे आहे. पहिले राजकीय इतिहासाच्या दृष्टीने. पोर्तुगीजांनी तिसवाडी १५१० साली जिंकली. परंतु साष्टी व बारदेश हे प्रांत त्यांच्या ताब्यात १५४३ साली आले. म्हणजे कृष्णदास ग्रंथास आरंभ करीत होता तेव्हा केळशीवर विजापूरच्या आदिलशाहीचा अंमल होता. गावचे देऊळ जागच्या जागी होते आणि पुराणश्रवणास कोणतीही आडकाठी नव्हती. उत्तरेत पानिपतचे पहिले युद्ध होऊन अवघे चार दिवस झाले होते. त्याची वार्ताही केळशीस पोहोचली नसेल. ‘कृष्णचरित्रकथा’ ही संकटकाळातील रचना नव्हे. ती एका सुस्थिर ग्रामजीवनातील, श्रोत्यांपुढे म्हणण्यासाठी केलेली रचना होय. संकट आले ते ग्रंथावर, आणि तेही पुढे.

दुसरे मोल वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ची (इ. स. १२९०) आणि एकनाथांचे भागवत पूर्ण झाले ते शके १४९५मध्ये (इ. स. १५७३). या दोन टोकांच्या मधल्या दीर्घ काळात ज्यांची तिथी ग्रंथातच नमूद आहे अशा मराठी रचना थोड्या आहेत. एकनाथांच्या भागवतापूर्वी सत्तेचाळीस वर्षे, तेही कोंकणच्या दक्षिण टोकास, दशम स्कंध मराठी ओवीत उतरत होता, ही गोष्ट मराठी ग्रंथभाषेच्या प्रसाराचा नकाशाच बदलते. घरी कोंकणी बोलणारा समाज धर्मकथेसाठी मराठी ग्रंथभाषा सहजपणे वापरीत होता, याचा हा सन-तिथीसह उपलब्ध असलेला पुरावा आहे.

२. बाडांचा प्रवास

साष्टी पोर्तुगीजांच्या हाती गेल्यानंतरच्या पंचवीस वर्षांत त्या प्रांताचे धार्मिक जीवन मुळापासून हलले. केळशीची शांतादुर्गा १५६०च्या दशकात जुवारी नदीपलीकडे फोंडे महालातील कवळे येथे नेण्यात आली. शेजारच्या कुठ्ठाळीचा मंगेश त्याच सुमारास प्रियोळास गेला. १५६७ साली साष्टीतील देवालये पाडण्यात आली आणि त्याच वर्षी गोव्यात भरलेल्या धर्मपरिषदेने हिंदूंच्या ग्रंथांवर बंदीचे ठराव केले. देव नदीपलीकडे नेता येतो, कारण त्याला नेणारे भक्त असतात. पोथीचे तसे नसते. ती घरात राहते, दडविली जाते किंवा जाळली जाते.

तथापि पोथ्या जाळणारे आणि पोथ्या उतरवून घेणारे हात पुष्कळदा एकाच संस्थेचे होते. जेझुइट पाद्र्यांच्या १५५९ सालच्या पत्रव्यवहारात दिवाडी बेटावरील एका ब्राह्मणाची हकीकत आहे. त्याने आठ वर्षे खपून व्यासांच्या नावावरील ग्रंथ जमविले होते व भाषांतरिले होते. नवख्रिस्ती झालेल्या एका तरुणाच्या साहाय्याने हे ग्रंथ त्याच्या घरातून उचलून नेण्यात आले आणि गोव्याच्या सेंट पॉल महाविद्यालयात त्यांतील भागांचा अनुवाद झाला. हेतू उघड होता. लोकांच्या श्रद्धेचे खंडन करावयाचे तर आधी ती जाणली पाहिजे. आणि लोकांच्या भाषेत उपदेश करावयाचा तर ती भाषा तिच्या उत्तम ग्रंथांवरून शिकली पाहिजे. अशा अभ्यासासाठी मराठी ओवीबद्ध आख्याने आणि कोंकणी गद्यकथा रोमन लिपीत उतरवून घेण्यात आल्या. ब्रागा येथील बाडे हे त्या उद्योगाचे फळ होय.

या अभ्यासाचे दृश्य फळ म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’. स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आले आणि १६१९ साली तेथेच निवर्तले. १६१६ साली रायतूर येथे छापल्या गेलेल्या या पुराणात ओवीचा छंद आहे, मराठी ग्रंथभाषा आहे आणि अध्यायास ‘अवस्वरु’ ही संज्ञा आहे. हा साचा स्टीफन्सनी शून्यातून घडविला नाही. पुराण म्हणण्याची जी परंपरा गोव्यात नांदत होती, तीतून तो त्यांनी घेतला. त्या परंपरेचा तिथीनिशी हाती लागणारा प्रतिनिधी म्हणून कृष्णदासाकडे पाहावे लागते. येथे दैवगती अशी की, ‘क्रिस्तपुराणा’च्या सतराव्या शतकात तीन आवृत्त्या छापल्या गेल्या, पण त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही, तो ग्रंथही हस्तलिखितांमुळेच वाचला. छापखाना असूनही ग्रंथ नष्ट होऊ शकतो आणि शत्रूच्या हाती पडूनही तो टिकू शकतो, हे गोव्याच्या ग्रंथेतिहासाचे दुहेरी शिक्षण आहे.

पुढे २७ जून १६८४च्या फर्मानाने पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापरावरच बंदी घातली. ज्या अभ्यासासाठी बाडे तयार झाली त्या अभ्यासाचे प्रयोजन अशा रीतीने राज्यकर्त्यांच्या दृष्टीने उरले नाही. बाडे विस्मृतीत गेली. विसाव्या शतकात प्रा. मारियानो साल्दान्हा यांनी त्यांच्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. नंतर ओलिव्हिन्यु गोम्स, रॉकी मिरांडा प्रभृती अभ्यासकांनी त्यांतील कोंकणी गद्याचा अभ्यास केला. ग्रंथालयातील ७७१ व ७७२ हे बाडांचे क्रमांक आज गोव्याच्या वाङ्मयाच्या अभ्यासकांस परिचित आहेत.

३. लिपीचा पडदा

कृष्णदासाची ओवी आज आपणांपर्यंत येते ती पोर्तुगीज कानाने ऐकलेली वा पोर्तुगीज वर्णांत बसविलेली अशी येते. या पडद्याचा पोत ओळखण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. गोव्याच्या गावांची पोर्तुगीज लेखनातील नावे पाहिली तरी पुरेसे आहे. केळशीच्या आरंभी ‘क्यू’ व ‘यू’ ही अक्षरे येतात, कारण पोर्तुगीज लेखनात ‘ए’ व ‘इ’ या स्वरांपूर्वी ‘क’ असाच लिहितात. त्याच नावातील ‘ळ’साठी मात्र साधा ‘एल’ येतो आणि अखेरीस ‘एम’ येऊन अनुनासिक दाखविले जाते. मडगावच्या ‘ड’च्या जागी ‘आर’ येतो. फोंड्याचा ‘फ’ महाप्राण गमावून ‘प’ होतो आणि म्हापशातील ‘ह’कार लुप्त होतो. ‘श’ व ‘ष’ या दोहोंसाठी ‘एक्स’ हे एकच अक्षर वापरले जाते.

यावरून हानी कोठे होते ते स्पष्ट होते. ऱ्हस्व-दीर्घ भेद लोपतो. ‘अ’ आणि ‘आ’ यांस एकच अक्षर मिळते. त-ट, द-ड, न-ण, ल-ळ या जोड्या एकमेकींत मिसळण्याचा धोका उत्पन्न होतो. मूर्धन्य वर्ण दुहेरी अक्षराने दाखविण्याची पद्धत ‘क्रिस्तपुराणा’च्या रोमन प्रतींत आढळते, पण अशी पद्धत सर्वत्र सारख्याच काटेकोरपणे पाळली गेली असे गृहीत धरून चालणार नाही. म्हणून रोमन प्रत नागरीत उतरविणे हे नुसते लिप्यंतर नव्हे. प्रत्येक शब्दापाशी संपादकास निवड करावी लागते, आणि प्रत्येक निवड ही एक व्याख्या असते. कवीचे ‘शामा’ हे नामरूपदेखील या अर्थाने वाचन आहे.

परंतु पडदा केवळ झाकतो असे नाही. काही ठिकाणी तो असे काही दाखवितो की जे नागरी लिपी दाखवीत नाही. ‘जग’ आणि ‘जन्म’ या शब्दांतील ‘ज’ मराठी माणूस निरनिराळे उच्चारतो, पण नागरीत दोहोंस एकच चिन्ह आहे. गोव्याच्या रोमन लेखनात दंततालव्य ‘ज’साठी ‘झेड’ हे अक्षर वापरण्याची प्रथा पडली आणि त्यामुळे हा भेद कागदावर आला. दुसरे उदाहरण अनुनासिकाचे. नपुंसकलिंगी रूपांच्या व विभक्तिप्रत्ययांच्या अखेरीचा अनुस्वार नागरी पोथ्यांत लेखनिक पुष्कळदा गाळतो. रोमन लेखनिक तो स्वरावरील चिन्हाने किंवा ‘एम’ने नोंदवितो. तिसरे उदाहरण शब्दान्त ‘अ’काराचे. नागरीत ‘राम’ असे लिहिले म्हणजे अखेरचा स्वर उच्चारावयाचा की नाही हे कळत नाही. रोमन लेखनिकास मात्र स्वराचे अक्षर लिहावे तरी लागते किंवा गाळावे तरी लागते. ओवी कशी म्हटली जात होती याची साक्ष अशा अनपेक्षित जागी मिळते.

येथे एक पथ्य पाळणे अगत्याचे आहे. ही साक्ष लेखनिकाच्या काळची व लेखनिकाच्या कानाची आहे. १५२६ साली केळशीस कृष्णदास कसे बोलत होता याची ती सरळ साक्ष नव्हे. रचनाकाळ आणि प्रतकाळ यांत गल्लत केल्यास, पुढील पिढीतील उच्चार मागील पिढीच्या माथी मारला जातो. ज्ञानेश्वरीच्या भाषेविषयी झालेले वाद ज्यांस ठाऊक आहेत, त्यांस या गल्लतीचे परिणाम निराळे सांगावयास नकोत.

४. ओवीची साक्ष

हरवलेला भेद परत कसा मिळवावयाचा? या बाबतीत युरोपातील प्रबोधनकालीन संगीताच्या अभ्यासाचे एक उदाहरण उद्बोधक आहे. त्या काळी अनेक आवाजांची रचना एका ग्रंथात न लिहिता प्रत्येक आवाजासाठी स्वतंत्र वही करीत. केंब्रिजमधील पीटरहाउस महाविद्यालयात सुमारे १५४० सालचा अशा पाच वह्यांचा संच होता. त्यांतील टेनर या आवाजाची वही पूर्णपणे आणि सर्वांत वरच्या आवाजाच्या वहीचा काही भाग नष्ट झाला आहे. ह्यू स्टर्मी, रॉबर्ट हंट यांसारख्या रचनाकारांचे संगीत या संचाबाहेर आढळत नाही. म्हणजे हा संच गेला असता तर ती नावेही गेली असती. निक सँडन या अभ्यासकाने उरलेल्या आवाजांच्या आधारे गेलेला आवाज पुन्हा रचला. हे शक्य झाले, कारण त्या संगीतात एक आवाज दुसऱ्यास बांधलेला असतो. एका आवाजाच्या चालीवरून दुसऱ्यास कोणत्या जागा मोकळ्या आहेत हे ठरविता येते.

ओवीतही अशीच एक बांधणी आहे. ग्रंथांतील ओवीचे चार चरण असतात. पहिल्या तीन चरणांच्या अखेरीस यमक साधलेले असते. चौथा चरण आखूड असून यमकापासून मोकळा असतो. यमक ही म्हणणाराच्या स्मरणाची सोय, पण संपादकास ती साक्ष ठरते. समजा, रोमन प्रतीत एका चरणान्ती असा शब्द आला की जो ‘काल’ असाही वाचता येईल आणि ‘काळ’ असाही. त्याच ओवीतील दुसऱ्या चरणाची अखेर ‘गोपाळ’ या शब्दाने होत असेल आणि तिसऱ्याची ‘सकळ’ या शब्दाने, तर पहिल्या शब्दाचे वाचनही ‘ळ’काराकडे झुकते. मन-मण, पात-पाट अशा जोड्यांनाही हाच न्याय लागू पडतो. चौथ्या चरणास मात्र ही साक्ष नाही. म्हणून संपादित पाठात चौथ्या चरणाच्या अखेरचे वाचन अधिक सावधपणे स्वीकारले पाहिजे.

ही साक्षदेखील निरपवाद नाही. प्राचीन मराठी कवी यमकात सवलत घेतात. ‘ल’ आणि ‘ळ’ यांची, क्वचित ‘न’ आणि ‘ण’ यांची सांगड त्यांस वर्ज्य नाही. म्हणून एका ओवीवरून निर्णय करू नये. सर्व ग्रंथभर कवी निःसंदिग्ध स्थळी यमकाची कोणती शिस्त पाळतो हे प्रथम मोजावे आणि मगच संदिग्ध स्थळी त्या शिस्तीचा आधार घ्यावा. तीन हजार ओव्यांचा ग्रंथ अशा मोजणीस पुरेसा मोठा आहे.

५. डोळ्याची चूक आणि कानाची चूक

रोमन प्रत कशावरून झाली, हा पुढचा प्रश्न. तत्कालीन गोव्यात नागरी व मोडीप्रमाणे कन्नड वळणाची कंदवी अथवा गोयकानडी लिपीही चालत असे. शिवाय लेखनिकाने पोथी पाहून उतरविली असेल, किंवा दुसऱ्याने म्हटलेली ओवी ऐकून लिहिली असेल. या शक्यतांत निवड करण्याचे साधन म्हणजे लेखनिकाच्या चुका.

नागरी पोथी पाहून लिहिणारा ‘घ’च्या जागी ‘ध’ वाचतो, ‘म’च्या जागी ‘भ’, ‘ष’च्या जागी ‘प’. ‘ख’ या अक्षराचे त्यास ‘रव’ होते. ही डोळ्याची चूक होय, कारण या वर्णांचे आकार जवळचे आहेत, उच्चार नव्हेत. कन्नड वळणाच्या लिपीत ‘प’ आणि ‘व’ यांचे आकार एकमेकांजवळ येतात, म्हणून तेथे चुकांची जात निराळी होते. ऐकून लिहिणारा मात्र ‘त’ व ‘थ’, ‘न’ व ‘ण’ यांत चुकतो, शब्द भलत्याच ठिकाणी तोडतो, दोन शब्दांचा एक करतो. ही कानाची चूक. प्रत्येक अर्थहीन स्थळ दुरुस्त करून पुढे जाण्यापूर्वी त्या स्थळी कोणत्या जातीची चूक आहे याची नोंद ठेवणे म्हणूनच आवश्यक ठरते. नीटनेटका पाठ सिद्ध करण्याच्या घाईत चुका पुसून टाकणारा संपादक मूळ पोथीकडे नेणारी पावलेच पुसून टाकतो. हस्तलिखिताची अशुद्धता हा अभ्यासकाच्या दृष्टीने पुरावा आहे, आणि संपादित आवृत्तीत तिला तळटीपेत तरी जागा मिळाली पाहिजे.

६. गद्यकथांचे कर्तृत्व

ब्रागा येथील बाडांत रामायण-महाभारतांतील कथा कोंकणी गद्यात आहेत. सोळाव्या शतकातील इतके विस्तृत कोंकणी गद्य अन्यत्र मिळत नसल्यामुळे त्यांचे महत्त्व वादातीत आहे. या कथांचे कर्तृत्वही कृष्णदास शामाकडे देण्याचा प्रघात पडला असून त्यावरून तो ‘कोंकणी गद्याचा जनक’ म्हणून गौरविला जातो.

या विधानाकडे भाषाभिमान बाजूस ठेवून पाहिले पाहिजे. ‘कृष्णचरित्रकथे’त कवीचे नाव आहे, स्थल आहे, काल आहे. ही कवीने स्वतः दिलेली साक्ष होय. गद्यकथांच्या बाबतीत मुख्य आधार सान्निध्याचा आहे : एकाच संग्रहात, एकाच प्रकारच्या लेखनात, एकाच परिसरातील वाङ्मय. सान्निध्य हे कर्तृत्वाचे सूचक होऊ शकते, प्रमाण होऊ शकत नाही. बाडे लेखनिकांच्या गरजेनुसार बांधली जातात, कवींच्या कर्तृत्वानुसार नव्हे. भाषा शिकण्यासाठी केलेल्या संग्रहात एका कवीची ओवी आणि दुसऱ्या कोणाचे गद्य शेजारी येणे हे अगदी स्वाभाविक आहे. शैलीचा पुरावा द्यावयाचा तर मराठी पद्य आणि कोंकणी गद्य यांची तुलना करावी लागते; छंदही निराळा आणि भाषाही निराळी, अशा दोन रचनांत कर्त्याची खूण शोधणे अतिशय दुष्कर आहे.

मराठी-कोंकणी वादाच्या काळात कृष्णदासास दोन्ही बाजूंनी आपल्याकडे ओढण्यात आले. एका बाजूस तो गोव्याच्या मराठी परंपरेचा पुरावा वाटला, दुसऱ्या बाजूस कोंकणी गद्याचा आरंभ. बाडे या वादात कोणाचाच पक्ष घेत नाहीत. ती एवढेच दाखवितात की, एकाच समाजात, एकाच शतकात, कथा सांगण्यासाठी कोंकणी गद्य आणि पुराण म्हणण्यासाठी मराठी ओवी अशी वाटणी शक्य होती आणि ती कोणास खटकत नव्हती. हे द्वैभाषिक चित्र दोन्ही पक्षांच्या दाव्यांहून अधिक समृद्ध आहे.

७. समारोप

सारांश, कृष्णदास शामाविषयी निश्चित अशा चार गोष्टी हाती लागतात : नाव, गाव, ग्रंथारंभाचा दिवस आणि ग्रंथ. या चार गोष्टी थोड्या नव्हेत. परंतु त्या रिकाम्या चौकटीप्रमाणे वाटून अभ्यासकास तीत चरित्र भरण्याचा मोह होतो, आणि गौरवाच्या भरात लेखनिकाचे कवीस व संग्राहकाचे लेखकास देऊन टाकले जाते. यात कवीचा लाभ होत नाही. एक चुकीचे विधान उघडे पडले म्हणजे त्याबरोबर खरी विधानेही संशयात सापडतात, आणि ज्याच्याजवळ चारच गोष्टी आहेत त्यास एकही गमावणे परवडण्याजोगे नाही.

उलट, लिपीचा पडदा ओळखून, यमकाची शिस्त मोजून आणि चुकांची जात पाहून वाचीत गेल्यास त्याच प्रतीतून दोन आवाज वेगळे ऐकू येतात. एक केळशीच्या कवीचा, श्रोत्यांपुढे कृष्णकथा म्हणणारा. दुसरा त्या लेखनिकाचा, परक्या वर्णांत ती कथा बसविण्यासाठी झटणारा. पहिल्याचे नाव उरले आहे, दुसऱ्याचे नाही. कृष्णदासाची देवता भक्तांनी जुवारीपार नेली. त्याची ओवी मात्र ज्यांनी तिची परंपरा मोडावयास घेतली त्यांच्याच कागदावर टिकली. तो कागद आता वाचनास मिळू शकतो. कवीचे ऋण फेडावयाचे तर ते त्याच्या नावाच्या गौरवाने फिटणार नाही. एकेका ओवीपाशी थांबून, हा वर्ण कोणाचा, कवीचा की लेखनिकाचा, हे विचारूनच ते फेडावे लागेल.